द्वारकेनं दिलेल्या गोळ्या

आम्ही दोघं पडवीत बसून वाल सोलत होतो. भिजवून, फडक्यात बांधून, मोड काढलेले वाल. कोमट पाण्याच्या परातीत टाकले की साल सैल होते. मग दोन बोटांत धरून नुसतं दाबायचं. दाणा सटकन बाहेर येतो, साल बोटाला चिकटून राहते. बिरडं खायचं तर एवढं करावंच लागतं. द्वारकेचे हात परातीत न बघता चालायचे. माझा दाणा मात्र उडून अंगणात जायचा आणि तिथं कोंबडी टपलेली असायची.

"अवो, अर्धं बिरडं कोंबडीनं खाल्लं. आता तिलाच शिजवू काय?"

"शिजव. वाल पण मिळतील आणि कोंबडी पण."

"गुरुवार हाय आज. तोंडाला काय लाज?"

एवढं हसणं झालं. सकाळचे दहा वाजले असतील. नवा वाल शेतात शेंगेवर आला होता, घरातला जुना संपवायचा होता, म्हणून बिरडं. त्यात विशेष काही नव्हतं. असे वाल आम्ही पन्नास वर्षं सोलले.

मग ती खाली बघतच म्हणाली, "प्राचीच्या उरलेल्या गोळ्या मी दर्शनाला दिल्या."

प्राची आमची नात. मुलाची मुलगी, कॉलेजात जाते. दर्शना शेजारच्या सुमनची मुलगी. आमच्याच अंगणात खेळून मोठी झालेली, आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन रोह्याला गेलेली.

"कसल्या गोळ्या?"

"त्याच वो, तोंडावरच्या मुरमांच्या. पोरीकडं बघवत नव्हतं मला. सासू म्हणते, तू भाकऱ्या थापू नको, पिठात पू गळेल. असं बोलतात काय सुनेला? कपाटात तीन पाकिटं नुसती पडून होती. तिन्ही दिली. रात्री जेवल्यावर एक, भातावर तूप घेऊन. सगळं नीट सांगितलंय मी."

"कधी दिल्यास?"

"पोपटीला आली होती तेव्हा. झाले पंधरा दिवस."

माझ्या चिमटीतला वाल तसाच राहिला. त्यानंतर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. पण बोललो ते बोललो. मी म्हटलं, "अवदसे, त्या पोरीचं पोर मारलंस तू जन्माच्या आधी."

तिनं परातीतून हात काढले. मग मी सांगितलं. ही गोळी पोटात असताना बाईला दिवस गेले तर गर्भ नीट घडत नाही. डोकं, काळीज, कान, कशातही खोट राहते. गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर अजून महिनाभर दिवस जाता कामा नयेत. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी हे माझ्यासमोर दोनदा सांगितलं होतं.

द्वारकेनं हात लुगड्याला पुसले. "तुमाला म्हायत होतं?"

"व्हय."

"तवापासून?"

"व्हय."

"मग मला का नाय सांगितलंत?"

मी म्हटलं, फोन लाव तिला. ती म्हणाली, फोन सासूच्या हातात असतो, ती स्पीकरवर टाकून बोलायला लावते, असलं काय स्पीकरवर सांगू? मी म्हटलं, मग आत्ता जा. ती म्हणाली, आत्ता उन्हाची धावत गेले तर सासू विचारेल काय झालं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते. वालाच्या ओल्या शेंगा घेऊन आले म्हणून सांगते आणि पोरीला बाजूला घेते.

परातीत अजून मूठभर वाल होते. ते तिनं एकटीनं सोलून संपवले. मी उठून मागच्या दारी गेलो होतो.

यंदा वाल पुन्हा शेंगेवर आलाय. आमच्या निडी गावात भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल टाकतात. पाणी द्यायला लागत नाही, खत नाही. दवावर जगतो. सकाळी शेतात गेलं की गुडघ्यापर्यंत धोतर भिजतं आणि पाल्याचा एक उग्र वास येतो, हिरवा, थोडा कडू. पूर्वी तो वास आला की भूक लागायची. आता लागत नाही. तरी मी रोज जातो. घरात बसून तरी काय करू?

संध्याकाळी पोरं बांधावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मग मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. धूर सगळ्या शेतांवरून सरकतो. मला हाका मारतात, "काका, या की! शेंगा गार होतील." मी हात हलवतो आणि घरी येतो. गेल्या वर्षी अशाच पोपटीला दर्शना माहेरी आली होती. मडकं फोडल्यावर सगळे जाळाच्या उजेडात खाली वाकले आणि शेंगा वेचायला लागले. ती तेवढी मागं सावलीत उभी होती, ओढणी हनुवटीवर धरून. प्राचीनं तिला पुढं ओढलं. दोघींची तोंडं शेजारी शेजारी उजेडात आली. एकीचं स्वच्छ, एकीचं सगळं उठलेलं. द्वारका माझ्या बाजूलाच उभी होती. तिनं ते बघितलं. मीही बघितलं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. तिच्या डोक्यात कपाटातली पाकिटं आली असणार.

तिचा स्वभावच तसा होता. आपल्याकडं आहे आणि दुसऱ्याकडं नाही हे तिला सहन व्हायचं नाही. विरजण मागायला कोणी आलं तर वाटी भरून द्यायची आणि वर दोन पापड. तापाची गोळी, खोकल्याचं औषध, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं आमच्या आळीत असंच फिरायचं. याला लागू पडलं ना, मग त्याला द्या. बाटलीत चार चमचे उरले तरी कोणी टाकत नाही. कधी कोणाचं वाईट झालं नव्हतं. निदान आम्हाला तरी कळलं नव्हतं. सगळी आळी असंच करते आणि अजून करते. गेल्याच आठवड्यात मला एकानं गुडघ्याच्या अर्ध्या उरलेल्या गोळ्या आणून दिल्या. मी त्याच्यादेखत चुलीत टाकल्या. तो रागावून गेला.

प्राचीचं सांगतो. पंधराव्या वर्षी तिच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या. वयात येताना येतात, आम्हीही लक्ष दिलं नाही. सतराव्या वर्षापर्यंत गाल, हनुवटी, मान, पाठ, सगळं भरलं. पुटकुळ्या नव्हेत त्या, गाठी. आत दुखणाऱ्या, लाल, काही जांभळ्या. फुटल्या की उशीला डाग. द्वारकेनं हळद लावली, चंदन लावलं, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं. दुकानातून कुठलंसं मलम आणलं, त्यानं आठ दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट उठलं. पोरगी जेवायला उशिरा यायची, सगळ्यांचं झाल्यावर. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला होता.

मी तेव्हा एक वाक्य बोललो होतो. मला बोलायची अक्कल कधीच नव्हती. शेतावरून आलो, ती समोर दिसली आणि मी म्हटलं, "काय गो, तोंडावर वाल पेरलास काय?" ती हसलीसुद्धा. मग दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. द्वारका माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. भाताचं ताट आपटून ठेवायची. नवव्या दिवशी म्हणाली, "पेणला कातडीची डॉक्टरीण हाय. तिला दाखवायची. तुमी पण यायचं. तुमीच जास्त बोलता ना?"

तेव्हा पाऊस लागलेला होता. पेणला स्टेशनातून दवाखान्याकडं जाताना गणपतीचे कारखाने लागतात. गणपतीला अजून दोन महिने होते. फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, रंग न दिलेल्या. एक बाई बसून मूर्तीच्या गालाला घासकागद मारत होती, मग ओल्या बोटानं पुसायची. गाल कसा आरशासारखा. प्राची तिथं उभी राहिली. म्हणाली, "आजी, मला पण इथंच सोड. दोन दिवसांनी न्यायला ये." द्वारकेनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिचा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. प्राचीचं तोंड त्यांनी दिव्याखाली नीट बघितलं, बोटानं गाठी दाबल्या. म्हणाल्या, हे मलमानं जाणार नाही, यानं खड्डे पडतील, पोटातून गोळी द्यावी लागेल. जीवनसत्त्व अ च्या जातीचं औषध आहे. आयसोट्रेटिनॉइन. हे नाव मला अजून बोलता येत नाही, प्राचीनं लिहून दिलंय ते बघून लिहितो. सहा-सात महिने घ्यायचं. औषध चांगलं आहे पण साधं नाही. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि मग त्यांनी प्राचीला पाळीची तारीख विचारली.

द्वारका उठून उभी राहिली. "चल गो, बाहेर."

"आजी, बसा. हे ऐकणं महत्त्वाचं आहे."

"माझी नात कुवार हाय. तिला असलं काय विचारता? आणि ह्यांच्या देखत?"

ती तरातरा बाहेर गेली. प्राची मान खाली घालून बसून राहिली. मीही राहिलो. लाज मलाही वाटत होती, पण माझा गुडघा लगेच उठू देत नाही. मी उठेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मग उठणं बरं दिसलं नाही. तेव्हा ऐकलं मी ते सगळं. लग्न झालेली बाई असेल तर आधी तपासणी करतात, दिवस राहू नयेत म्हणून उपाय करायला लावतात, मगच गोळी देतात. रक्तदानसुद्धा चालत नाही, कारण ते रक्त कोणा गर्भार बाईला गेलं तर? शेवटी म्हणाल्या, "ही गोळी हिच्या नावाची आहे. दुसऱ्या कुणीही घ्यायची नाही. उरल्या तर दुकानात परत द्या." एका कागदावर प्राचीची सही घेतली, खाली माझी.

परतीच्या गाडीत द्वारका खिडकीशी बसली होती. नागोठणं गेल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "रोज एक गोळी, जेवल्यावर. तुपातेलाचं पोटात पाहिजे. उन्हात फिरायचं नाय. दर महिन्याला रक्त."

"आणि?"

"आणि काय नाय."

या तीन शब्दांवर मी वर्षभर बसलोय. बायकोशी तसलं बोलायची सवय आम्हाला नव्हती. तीन पोरं झाली आम्हाला, पण दिवस, पाळी, पोट हे शब्द मी तिच्यापुढं उच्चारले नाहीत आणि तिनं माझ्यापुढं. ती आपल्या सासूला सांगायची, सासू मला म्हणायची, तिला शेतावर पाठवू नको. कळायचं. घरातलं सगळं असंच चाललं. गाडीत समोर दोन माणसं बसली होती, त्यांच्यापुढं काय सांगू, असं मला वाटलं. घरी गेल्यावर वाटलं, प्राची कुवार आहे, तिच्या बाबतीत हा विषयच नाही, कशाला उगाच? आणि मग ते मागं पडलं. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, राहून गेलं. पण ते काही राहून गेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात प्राचीचं तोंड आणखी बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं, तरी पोरगी रडली. ओठ फाटायचे, हसली की रक्त यायचं. नाकातून एकदोनदा रक्त आलं. डोळे कोरडे. द्वारका रोज रात्री तिच्या पानाशी बसायची, भातावर तुपाची धार सोडायची, गोळी स्वतःच्या हातानं पाकिटातून काढून द्यायची आणि ती गिळेपर्यंत बघत राहायची. मग तिच्या ओठांना लोणी. मन उदास होतंय का बघा, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ते मी सांगितलं होतं. म्हणून द्वारका रोज तिला काहीतरी बडबडायला लावायची. कॉलेजातल्या पोरांची नावं विचारायची, नक्कल करायची. दसऱ्याच्या सुमाराला गाठी बसायला लागल्या. दिवाळीत प्राचीनं आरशावरचा टॉवेल काढून धुवायला टाकला. द्वारकेनं तो धुऊन दोरीवर वाळत घातला आणि तिथंच उभी राहून डोळे पुसले. माझ्या बायकोनं त्या पोरीला माणसात आणलं. हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

मार्गशीर्षात रक्ताच्या तपासणीत चरबी वाढलेली दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम झालंय, आता बंद करू. तीन पाकिटं उरली. प्राची म्हणाली, पेणला जाईन तेव्हा दुकानात देईन. ती जाईपर्यंत द्वारकेनं ती कपाटात साडीखाली जपून ठेवली, चांगली वस्तू ठेवतात तशी.

वाल सोलले त्या दिवशी बिरडं चुलीवर होतं. नारळ घातला होता, वास घरभर. सून पाण्यावर गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास मी मागच्या दारातून आत आलो तर द्वारका भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. ती कधी पाय लांब करून बसायची नाही. मला वाटलं रुसली. मी म्हटलं, "उठ, ताट वाढ." दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, एका क्षणात, काही कळलंसुद्धा नसेल. तिच्या वयात होतं असं. माझ्या शब्दानं झालं का, हे मी त्याला विचारलं नाही. त्याला तरी काय ठाऊक असणार!

मुलगा कंपनीतून शिफ्ट सोडून आला. दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. अंगण भरलं. ज्या बायकांना तिनं वाट्या भरभरून दिलं त्या सगळ्या आल्या. तिच्या तोंडावरून अजून कापड ओढलं नव्हतं. सुमन तिच्या पायाशी बसून रडत होती, म्हणत होती, "देणारा हात गेला गो आमच्या आळीचा." मी पडवीच्या खांबाला टेकून होतो. बायकांपैकी कोणीतरी सुमनला विचारलं, दर्शना नाही आली? सुमननं डोळे पुसले, आवाज खाली केला. पण मी चार हातांवर होतो.

"यायची होती गो. पण चार दिवस उलट्या चालल्यात. पाळी पण चुकलीय. सासू म्हणाली, अशात मयताला नको पाठवायला."

आणि रडता रडता तिच्या तोंडावर थोडं हसू आलं. तिचा काय दोष? आजी होणार होती.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. सुमन चार हातांवर होती. सगळा गाव होता. पण गाव म्हणत होता, देणारा हात गेला, आणि ती समोर झोपलेली, कुंकू लावलेली. त्या हातानं काय दिलं ते मी कसं सांगू? प्राचीला सांगता आलं असतं, तिनं फोन केला असता. पण गोळ्या तिच्या. आजी गेली त्याच दिवशी हे तिच्या डोक्यावर घालायचं माझ्यानं झालं नाही. असं म्हणत म्हणत संध्याकाळ गेली. स्मशानातून आलो, आंघोळ केली, कोणीतरी भात पुढं केला. मला आठवलं, आत्ता रोह्याला पण जेवणं होत असतील. दर्शना भातावर तूप घेऊन ती गोळी गिळत असेल. द्वारकेनं सांगितलंय तशी, न चुकता. माझ्या गप्प बसण्यानं तिच्या पोटात आणखी एक गेली. ती एक तरी माझ्याच नावावर.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. दर्शनाला सहावा आठवडा होता. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. मूल चांगलंही निघू शकतं, नाहीही, पण धोका फार मोठा आहे, ठरवायचं तुम्ही. ते दोघं दोन दिवस बोलले. मग अलिबागला जाऊन दर्शना गर्भ काढून मोकळी झाली. माझ्याशी त्यांनी भांडण केलं नाही. सुमन आमच्या अंगणात येत नाही. दोन्ही अंगणांच्या मधली काटेरी कुंपणातली वाट तिनं झापा लावून बंद केली. तेराव्याला ती आली नव्हती, आणि मी वाटही बघितली नाही. दर्शना एकदा रोह्याच्या बाजारात दिसली. तोंड अजून तसंच आहे. आता ती कुठल्याच डॉक्टरकडं जायला तयार नाही म्हणतात. मला बघून थांबली, काहीतरी बोलणार होती, मग नवऱ्याच्या मागं गेली. प्राचीचे गाल गुळगुळीत आहेत. ती आरशात बघत नाही. पहिल्यासारखा टॉवेल नाही टाकलेला, पण बघत नाही.

लोक मला म्हणतात, काका, कशाला उगाळता, काकी देवमाणूस होती. होती. म्हणूनच लिहितोय. ती वाईट असती तर त्या पोरीनं तिच्या हातची गोळी घेतलीच नसती.

ती गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी उजाडायच्या सुमाराला उठलो. सुतकातल्या माणसानं घर सोडायचं नसतं. दहा दिवस कोणाच्या दारात जायचं नसतं. आणि पोटुशी बाई जिथं आहे तिथं तर आपली सावलीसुद्धा नको. हे सगळं मला माहीत आहे, आयुष्यभर मी ते पाळलं. राख अजून सावडायची होती. सून न्हाणीघरापाशी होती, म्हणाली, "आबा, कुठं?" मी म्हटलं, "आलो."

गाडीनं गेलो नाही. गाडीत गावची माणसं भेटतात, जवळ येऊन बसतात, धीर देतात. चालत निघालो. शेतांवर धुकं होतं. मागून कंपनीच्या शिफ्टला जाणारा एक जण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "बसा काका, सोडतो." मी म्हटलं, "शिवू नको, सुतक हाय." तो गाडी काढून गेला.

वाटेत मी गोष्ट तयार केली. सांगायचं की पेणच्या दुकानदाराचा निरोप आलाय, गोळ्या खराब निघाल्या, परत मागवल्यात, कोणी घेतल्या असतील तर डॉक्टरला दाखवा. म्हणजे गोळ्या बंद होतील, पोरगी डॉक्टरकडं जाईल आणि द्वारकेचं नाव कुठं येणार नाही. दोन तास मी ती गोष्ट मनात घोकली. रोह्यात शिरेपर्यंत ती मलाच खरी वाटायला लागली होती.

दर्शनाच्या घराच्या पायरीखाली उभा राहिलो आणि हाक मारली. सासू बाहेर आली. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"अगो बाई! तुमी? कालच ना तुमच्याकडं... आणि असे दारात? आमची सून पोटुशी हाय, काय तरी विचार करा!"

"आत येत नाय. दर्शनाला बाहेर बोलवा."

दर्शना दारात आली. रडून डोळे सुजले होते तिचे, द्वारकेसाठी. मी म्हटलं, "त्या गोळ्या आण बेटा. सगळ्या."

ती पांढरी पडली. सासूनं मान वळवली. "कसल्या गोळ्या? काय गो, चोरून काय खातेस तू? माझ्या मुलाच्या पोराला काय करतेस?" आणि तिनं दर्शनाचा दंड धरला.

घोकलेली गोष्ट तोंडावर होती. पण दुकानदाराचं नाव घेतलं असतं तर ती म्हातारी पुढं विचारणारच होती, दुकानात गेली कोण, आणली कोणी, आणि सगळं त्या पोरीच्या डोक्यावर फुटलं असतं.

मी म्हटलं, "तिचा दंड सोडा. तिनं काय केलं नाय. माझ्या बायकोनं दिल्या त्या. मुरमांच्या हायत, पण पोटातल्या पोराला वाईट. तिला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी तिला सांगितलं नाय. आजची आज हिला पेणला न्यायची, मी बरोबर येतो, डॉक्टरांना मी सांगतो."

सासूनं दंड सोडला. दर्शना आत गेली आणि पाकिटं घेऊन आली. एक पूर्ण रिकामं, एक अर्धं, एक न उघडलेलं. तिनं ती माझ्या हातात दिली नाहीत, सुतक होतं. पायरीवर ठेवली. मी वाकून उचलली.

सासू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "काल जाळलीत तिला. आज तिच्यावर घालता?"

मी म्हटलं, "व्हय." आणि रिक्षा आणायला नाक्यावर गेलो.